जांभळीच्या अलीकडे

भिवंडीहून आणलेला पेंटर हॉलच्या मोठ्या भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "सेठ, इधर एक फस्क्लास सीनरी निकालके देता हूँ. दो पहाड़, बीच में से सूरज, नीचे तालाब, तालाब में बतख. पार्टी देखती रह जाएगी."

पंढरीशेठ खूश झाले. अंजूरच्या त्या आळीत घर रंगवल्याशिवाय लग्न उभंच राहत नसे. दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं, दाराच्या दोन्ही अंगांना कलश, आणि आत पाहुणा बसेल तिथं त्याच्या डोळ्यांसमोर सीनरी. थोरल्या मनोजच्या लग्नात घर जुनं होतं, सीनरी काढण्याइतकी सलग भिंतच नव्हती. दोन वर्षांपूर्वी शेत गोदामाला गेलं, घर दुमजली झालं आणि गावानं पंढरीदादाचा पंढरीशेठ केला. आता धाकट्या प्रितेशच्या लग्नात काही कमी पडायला नको होतं.

मनोजची बायको मृणाली पूर्वीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. तिला हसू आलं. अंजूरच्या खाडीकाठी असले दोन टोकदार डोंगर कुठून यायचे? आणि बदक? खाडीत बगळे होते, पाणकावळे होते. बदक तिनं भिवंडीत कॅलेंडरवर तेवढं पाहिलं होतं.

पण पेंटरला दोनच दिवसांनी त्याच्या मुलखातून फोन आला. बाहेरची नावं आणि कलश झाले होते, आतला रंग झाला होता, सीनरीची भिंत तेवढी पांढरी राहिली, आणि तो "बस आठ दिन में आया सेठ" म्हणून गाडीत बसला. आठ दिवसांनी हळद होती.

जेवताना त्यावरच बोलणं चाललं होतं. मृणालीनं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "बाबा, मी काढू?"

"काय?"

"सीनरी."

प्रितेशनं घास तोंडाशी नेता नेता थांबवला. "वहिनी, बदक काढायला विसरू नको हां. वैशालीच्या घरच्यांना बदकाशिवाय सीनरी पटायची न्हाय."

"गप रे," जानकीबाई म्हणाल्या, आणि मग सुनेकडे वळून, "भिंतीवर? ती काय रांगोळी हाय पुसून परत काढायला?"

मृणालीनं कोन गावी माहेरी असताना, शाळेत, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या आणि दुसरीत 'ए' श्रेणी आणली होती. लग्नाच्या बोलणीत हे निघालं तेव्हाही जानकीबाईंनी 'म्हंजे रांगोळी चांगली काढत असेल' एवढ्यावर ते मिटवलं होतं. त्यानंतर या घरात चार वर्षांत तिच्या हातात ब्रश आला नव्हता. लाटणं आलं, पाळण्याची दोरी आली, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं आली.

पंढरीशेठनी ताक पिऊन मिशा पुसल्या. "काढू दे तिला. बिघडली तर वरून पांढरा हात मारू. भिंत कुठं पलून जाते?"

एवढंच. पण त्या रात्री मृणालीला किती तरी वेळ झोप लागली नाही. कुणी तरी तिला तिच्या आकाराची एक भिंत दिली होती.

पेंटरचे रंग कोपऱ्यात तसेच पडले होते. पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा, आणि त्यात थेंब थेंब मिसळायच्या रंगांच्या बाटल्या: निळी, काळी, पिवळी, तांबडी, हिरवी. दुपारची भांडी झाली, घरात घोरणं सुरू झालं, पूर्वी झोक्यात गप्प झाली, की मृणाली स्टुलावर चढायची. पूर्वी उठायच्या आत, चहाची हाक यायच्या आत, जे होईल ते.

काय काढायचं हे तिला ठरवावं लागलंच नाही. मागच्या खोलीची खिडकी तिच्या डोळ्यांत होती.

पूर्वी झाली तेव्हाची गोष्ट. पोर रात्रंदिवस रडायची आणि मृणाली तिला छातीशी धरून मागच्या खिडकीत बसून राहायची. खिडकीबाहेर शेत. शेतापलीकडे बांध. बांधापलीकडे जांभळ, चांगली घरावर सावली पाडील एवढी, आणि त्यापलीकडे बायजाकाकीचं शेत, खाडीपर्यंत. बायजाकाकी म्हणजे पंढरीशेठच्या चुलतभावाची, नामाची, विधवा. ती दुपारी जांभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसायची. मृणाली पोटुशी होती तेव्हा काकी पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बांधापर्यंत यायची, द्रोण बांधावर ठेवायची आणि ओरडायची, "जानके, सुनेला दे गो! जीभ जांभली झाल्याबिगर पोराचे डोले कालेभोर व्हयाचे न्हाईत!" बांध ओलांडून मात्र ती आली नाही कधी. जानकीबाईच इकडून जायच्या आणि द्रोण उचलून आणायच्या.

मग पूर्वी रांगायला लागली, आणि एक दिवस मागच्या खिडकीतून मातीच्या गाड्या दिसू लागल्या. गोदामासाठी शेतात भराव टाकायचा होता. बायजाकाकी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. एका सकाळी मशीनचा आवाज आला, आणि दुपारी खिडकीतून एकदम खाडीच दिसायला लागली. जांभळ नव्हती. बांधही नव्हता. मृणालीला वाटलं, झाड विकत घेतलं असेल. विचारलं नाही. सुनेनं शेतातलं विचारायची त्या घरात रीत नव्हती. काकी परत आल्यावर अंगणात मोठमोठ्यानं बोलणी झाली, मृणालीला पूर्वीला घेऊन आत जायला सांगितलं गेलं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. झाड तोडल्याचा राग, एवढंच मृणालीनं समजून घेतलं.

आता तिथं निळ्या पत्र्याचं गोदाम होतं. खिडकी उघडली की पत्र्यावर तापलेलं ऊन डोळ्यांत घुसायचं, म्हणून खिडकी बंदच असायची.

तिनं आधी आकाश घेतलं. पाऊस भरून आलाय पण पडत नाही, असं जूनच्या सुरुवातीचं. ढग ब्रशनं जमेनात, कडा कापल्यासारख्या दिसायला लागल्या. मग तिनं पूर्वीचं जुनं झबलं आणलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. ते ओल्या रंगात बुडवून, पिळून, भिंतीवर हळू हळू टेकवत गेली. तान्ह्या पोराच्या तोंडाला लागलेलं दूध टिपावं तसं. ढग उठले. खालून काळसर, वरून उजळ, पोटात पाणी धरून बसलेले. स्टुलावरून उतरून ती लांब जाऊन बघायला लागली आणि तिला आपला श्वास ऐकू आला.

मग शेत. मग बांध, थोडा वाकडा, मधे खचलेला, जिथं काकी द्रोण ठेवायची तिथं बसून बसून सपाट झालेला. मग बांधापलीकडे जांभळ. पानं काढायला तिला तीन दुपारी लागल्या. जांभळीचं पान आंब्यासारखं लोंबत नाही, चकाकतं. ती चकाकी येईना. शेवटी हिरव्यात निळ्याचा एक थेंब पडला चुकून, आणि आली.

तिसऱ्या दुपारी पूर्वी लवकर उठली आणि झोक्यातून रंगाकडे हात करून रडायला लागली. मृणालीनं तिला कडेवर घेतलं, तिचं इवलंसं बोट तांबड्या-निळ्याच्या मिश्रणात बुडवलं आणि झाडापलीकडच्या जमिनीवर टेकवलं. "हे बघ, जांभूळ पडलं."

"अजून," पूर्वी म्हणाली.

"अजून एक पडलं."

"अजून!"

बायजाकाकीच्या शेतात, झाडामागे, जांभळांचा सडा पडला. पूर्वीची नखंसुद्धा जांभळी झाली. जानकीबाई चहासाठी उठून आल्या तेव्हा मायलेकी दोघी भिंतीसमोर बसून हसत होत्या.

जानकीबाई बघतच राहिल्या. "अगो बाय," एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळानं, "ढग तर खरेच वाटतात गो. कपडे आत घ्यावेसे वाटतात."

पंढरीशेठ संध्याकाळी आले, चप्पल काढता काढता थबकले. त्यांनी ढग पाहिले, झाड पाहिलं, आणि कौतुकानं मान हलवली. मनोजनं तर आपल्या गोदामातल्या दोघा सोबत्यांना घरी आणून दाखवलं. "माझ्या मिसेसनं काढलंय." प्रितेश म्हणाला, "बदक न्हाय ते न्हाय, पण चालेल." सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणालाच काही खटकलं नाही. जन्मभर पाहिलेला बांध होता तो. डोळ्यांना ओळखीचा होता, म्हणून डोळे त्यावरून सरळ पुढे गेले.

त्या दिवसांत मृणाली हॉलमधून जाता-येता एकदा तरी भिंतीकडे बघायची. केर काढताना, पाहुण्यांना पाणी देताना. या घरात तिचं म्हणावं असं काही नव्हतं. भांडी सासूची, खोली नवऱ्याची, पोरसुद्धा 'पंढरीशेठची नात'. ही भिंत तिची होती.

हळदीच्या सकाळी मांडव उभा राहिला. मांडवाच्या खांबाला जांभळीची डहाळी बांधावी लागते, ती टेम्पोवाल्यानं दापोड्याहून आणली. माल भरलेल्या खोक्यांत दबून पानं मुरगळली होती. "असूंदे, शास्त्रापुरती," जानकीबाई म्हणाल्या. धवला, लग्नातली गाणी, गाणारी धोंडूबाई पाटाशी बसली, बायका जमल्या, प्रितेशला हळद लागायला लागली. त्याची मित्रमंडळी बाहेर बेंजोवाल्यांशी हुज्जत घालत होती.

बायजाकाकी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. भावकीला आवतण द्यावंच लागतं म्हणून दिलं होतं. पण ती आली. धुवट लुगडं, पदर डोक्यावर, दारात क्षणभर थांबून सरळ आत. धोंडूबाईनं गाता गाता डोळे वर केले आणि गाणं न तोडता सरकून जागा केली.

काकी बसली नाही. तिनं सवयीनं प्रितेशच्या गालाला हळद लावली, "मोठा झालास रं," म्हणाली, आणि मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

बराच वेळ ती तशीच उभी. बायकांना वाटलं, चित्र आवडलं. धोंडूबाई म्हणाली, "काय गो बायजे, नजर लावतेस काय सीनरीला? मनोजच्या बायकोनं काढली हाय."

बायजाकाकी भिंतीजवळ गेली. पंजा उघडून झाडाच्या बुंध्यावर ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग बोट अलीकडे आणलं, बांधावर. बांधावरून बोट हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"जानके," ती म्हणाली, "मांडवाची डहाली कुठून आणलीस?"

जानकीबाई हळदीची वाटी सारखी करायला लागल्या.

"मनोजच्या लग्नात कुठून आणली व्हतीस? नारल घेऊन माझ्या दारात आली व्हतीस का न्हाय? मी पहिली डहाली तोडून तुझ्या वटीत घातली व्हती का न्हाय?" ती बायकांकडे वळली. "धोंडे, तुझ्या पोराच्या लग्नात? आलीतल्या कुठल्या लग्नात मागाया आल्या न्हाईत? आपल्याच झाडाची डहाली कोन नारल देऊन मागतं काय?"

धवला थांबला. बाहेर बेंजो एकदम सुरू झाला आणि तितकाच एकदम बंद झाला, कुणीतरी तार जोडत असावं.

"मना सांगतात, बायजे, झाड आमच्या अंगाला व्हतं. बांध झाडाच्या पलीकडं व्हता. हद्दीचे दगड भरावाखाली गेले, मोजनीवाला येतो येतो नि येत न्हाय, गावाला इचारलं तर गावाच्या तोंडात गूल." काकीचा आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं. "नि ह्ये बघ. तुझ्याच भिंतीवर. तुझ्याच सुनेनं. बांध जांभलीच्या अलीकडं."

मग तिनं मृणालीकडे पाहिलं. हळदीनं माखलेल्या हातानं तिच्या गालावर हात फिरवला. "तू बघितलंस गो पोरी. तू खिडकीत बसायचीस." आणि म्हणाली, "मांडव परतून झाल्यावर पंच बसनार हायत. मोरूदादाला मी सांगते, बैठक हितंच बसवा. ह्या भिंतीसमोर."

ती जेवली. भावकीत बसून, मान खाली घालून, पान पुसून जेवली आणि गेली.

त्या दिवशी मृणालीला कुणी काही बोललं नाही. लग्न लागलं, वैशाली घरात आली, मांडव परतला, पाहुणे गेले. पण मृणाली हॉलमध्ये आली की बोलणं थांबायचं. आता कुठे तिला कळलं होतं की गोदामाच्या ट्रकांचं गेट नेमकं जांभळीच्या जागेवर आहे, आणि तो पट्टा नसता तर गोदामवाल्यानं ही जमीन घेतलीच नसती. चार वर्षं ती या घरात राहत होती आणि ते तिला आपल्याच चित्रावरून कळलं.

मनोज दुपारी कधी घरी येत नसे. पंच बसायच्या आदल्या दिवशी आला. पूर्वी झोक्यात होती.

"बाबा म्हणतात," तो म्हणाला, "रंग शिल्लक आहे ना?"

"आहे."

"बांध तेवढा पलीकडे घ्यायचा. झाडाच्या मागे. अलीकडचा पुसायचा." तो पुढं म्हणाला, "एक रेघ तर आहे."

"रेघ?"

"मृणाली, उद्या पंच बसणार. तू ताणू नकोस."

"तुम्ही लहानपणी त्या झाडावरून पडला होतात ना? हाताची खूण दाखवता ती. कुणी उचललं होतं?"

"काकीनं."

"कुठल्या अंगाला पडला होतात?"

मनोज खिडकीकडे बघायला लागला. खिडकी बंद होती. "जुनं कशाला उकरतेस? मी काय सांगतो ते ऐक. नाहीतर बाबांनी टाइल्सवाल्याला बोलावलंय. सकाळी तो सगळी भिंत खरवडून काढेल. ढग, झाड, सगळंच. मग काय राहील तुझं?" आणि मग अगदी हळू, लाजल्यासारखा, "मला ते चित्र राहायला हवंय गं. मी लोकांना दाखवलंय."

तो खरंच म्हणत होता, हे तिला कळत होतं. म्हणूनच तिला त्याचा राग धड करता येईना.

तो गेल्यावर ती भिंतीसमोर उभी राहिली. टाइल्सवाला आला तर ते ढग पुन्हा तिच्या हातून उतरणार नव्हते. झबल्याचा तो हात एकदाच बसतो. ती पानं तयार झाली तशी पुन्हा होणार नव्हती. आणि भिंत पुन्हा कुणी तिला दिली नसती. आणि बायजाकाकीला तरी पंच न्याय देणार होते का? मोरूदादाचा मुलगा त्याच गोदामात सुपरवायझर होता. चित्र राहिलं काय, गेलं काय, निकाल ठरलेलाच होता. असं ती स्वतःला सांगत राहिली, पोराला औषध पाजताना सांगतात तसं, गोड आहे, गोड आहे.

मग तिनं डबा उघडला.

अलीकडचा बांध पुसणं सोपं गेलं. शेताचा हिरवा त्यावर सहज बसला. काकीनं द्रोण ठेवायची ती सपाट जागा सगळ्यात आधी गेली. पलीकडचा बांध घ्यायला मात्र तिनं झाडामागची जागा पाहिली, आणि तिचा हात थांबला. तिथं पूर्वीची जांभळं होती. नवा बांध नेमका त्यांवरून जाणार होता. जरा वर घेऊन बघितला, खाडीत गेला. जरा खाली घेतला, बुंध्याला टेकला. दुसरी जागाच नव्हती.

झोक्यात पूर्वी कुशीवर वळली. तिच्या नखांच्या कडेला अजून जांभळा रंग होता, आंघोळीनं न गेलेला.

मृणालीनं तपकिरी कालवला. एकेका जांभळावरून ब्रश नेताना ती बोटांच्या रेषा बघत होती, त्या इवल्याशा गोल गोल रेषा, आणि मग त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. मोरूदादा, आणखी दोघे, पंढरीशेठ, मनोज. बायजाकाकी दाराशी, भिंतीला टेकून. चहा फिरला. पंढरीशेठनी आपण होऊनच विषय काढला. "आमच्या सूनबाईनं चित्र काढलंय. परकी पोर, तिला काय ठाऊक आमची भानगड? खिडकीतून दिसलं तसं काढलं. तुम्हीच बघा."

पंचांनी पाहिलं. मोरूदादा चष्मा वर-खाली करत जवळ गेले. त्यांनी या झाडाखाली गोट्या खेळल्या होत्या. "ढग लय नामी," ते म्हणाले. मग, "बांध तर पलीकडंच दिसतोय."

बायजाकाकी उठली. भिंतीपाशी आली. तिनं हात लावला नाही. नुसतं पाहिलं, आधी झाड, मग झाडामागचा नवा, सरळ, कुठंही न खचलेला बांध.

"सूनबाई," मोरूदादांनी हाक मारली, "तू बघितलंस तसंच काढलंस ना?"

चहाचा ट्रे हातात घेऊन मृणाली उभी होती. मनोज स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होता. काकी तिच्याकडे बघत होती. रागानं नाही, वाट बघितल्यासारखी. बांधावर द्रोण ठेवून वाट बघायची तशी.

"हो," मृणाली म्हणाली.

बायजाकाकीनं पदर सारखा केला. "बेस काढलंस," ती म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

त्यानंतर टाइल्सवाला आला नाही. चित्राचं नाव झालं. पंढरीशेठ पाहुण्यांना आवर्जून त्या भिंतीसमोर बसवायचे. आळीतल्या आणखी घरांची लग्नं ठरली तशी बोलावणी आली. "वहिनी, आमच्याकडं पण काढा." आणि मग आवाज खाली करून, "आमची विहीर जरा आमच्या अंगाला घ्या हां." लोक हसत सांगायचे, पण सांगायचे. मृणाली कुणाकडे गेली नाही. पूर्वी ऐकत नाही, म्हणायची.

पूर्वीला मात्र चैन नव्हतं. ती रोज भिंतीशी जाऊन उभी राहायची. "आई, माझी जांभळं?"

"पावसात वाहून गेली."

"पाऊस पडलाच नाही." ढगांकडे बोट दाखवून ती म्हणायची. ते खरंच होतं.

एकदा ती फारच रडायला लागली तेव्हा जानकीबाई तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, "त्या बायजीनं नेली असतील गो, वेचून. तिला लय हाव जांभलांची." प्रितेश हसला. वैशाली, घरात नवी, तीही हसली. पूर्वी रडायची थांबली. तिला पटलं. मृणालीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण हातातलं सूप तिनं तसंच पाखडत ठेवलं.

श्रावणात तिला पूर्वीला घेऊन डॉक्टरकडे भिवंडीला जायचं होतं. रिक्षा नाक्यावर उभी होती, तीन माणसं बसलेली, चौथ्याची वाट बघत. मृणाली जवळ गेली आणि आत बायजाकाकी दिसली, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. मागे फिरायला उशीर झाला होता.

पूर्वीनं तिला ओळखलं. कडेवरून पुढं झुकून, बोट रोखून, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आमची जांभळं दे! तू नेलीस ना?"

रिक्षातली माणसं हसली. "घ्या, पोलिस आले," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठली गो जांभलं?" काकीनं विचारलं.

"भिंतीवरची. आमची. आजी सांगते, तू चोरलीस."

कुणीतरी पुन्हा हसलं, पण तोंडातच. बायजाकाकीनं पोरीच्या त्या बोटाकडे पाहिलं. मग वर, तिच्या आईकडे. मृणालीला वाटलं, आता बोलेल. बोलावं. चार माणसांत काय हवं ते बोलावं.

काकीनं पिशवी उचलून पोटाशी घेतली, आणि एका बाजूला अंग चोरून सरकली. सीटवर हातभर जागा झाली.

"ये," ती म्हणाली. "बस. जागा हाय."

"नको काकी," मृणाली म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं. आम्ही मागच्या रिक्षानं येतो."

मागे रिक्षा नव्हती. ड्रायव्हरनं खांदे उडवले आणि चौथ्याशिवायच गाडी सुरू केली. काकी जिथं सरकली होती तिथंच बसून होती. रिक्षा गोदामाच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती मोकळी जागा उघड्या बाजूनं दिसत राहिली.